सत्यनारायणापासून सुरुवात करू नका: कॉलेजातल्या विवेक मंडळाविषयी

तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या मुलामुलींनी विचारलं आहे: 'आम्ही दहा-बारा जण आहोत. काही नास्तिक, काही देव मानणारे. कॉलेजात धर्मनिरपेक्ष, विवेकवादी विद्यार्थी मंडळ काढायचं आहे. प्राचार्य म्हणतात, राजकारण आणू नका. दर वर्षी कॉलेजात सत्यनारायण असतो आणि त्या दिवशी हजेरी घेतात. पहिलाच कार्यक्रम म्हणून त्याचा जाहीर निषेध करावा का? एरवी वर्षभर काय करायचं? घरचे घाबरलेत, त्यांना काय सांगायचं?'

मी ग्रामीण भागातल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. नोकरीची बरीचशी वर्षं तिथल्या विवेकवाहिनीचं, म्हणजे विवेकवादी विद्यार्थी मंडळाचं, काम बघितलं, आता निवृत्तीनंतर आजूबाजूच्या कॉलेजांतल्या पोरांना मदत करतो. त्या अनुभवावरून सांगतो.

निषेधाचं आधी. पहिला कार्यक्रम म्हणून तो करू नका. विषय चुकीचा आहे म्हणून नव्हे. पण तुम्ही कोण, काय करता हे कॉलेजात कुणालाच माहीत नसताना पूजेसमोर फलक घेऊन उभे राहिलात, तर पुढची तीन वर्षं तुमची ओळख 'पूजा बंद पाडायला निघालेली पोरं' एवढीच राहते. मग सर्पदंशावर बोलायला गेलात तरी लोक तेच आठवतात. शिवाय पूजेची तयारी करणारे शिपाईमामा, प्रसादाचा शिरा करणाऱ्या मावशी, आनंदाने पाया पडणारे वर्गमित्र यांच्याशी तुमचं भांडण नाही. भांडण हजेरीशी आहे.

हजेरीचा मुद्दा किरकोळ समजू नका, तुमच्या हातातला सगळ्यात पक्का मुद्दा तोच आहे. संविधानाच्या अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या खंडात स्पष्ट आहे की राज्याने मान्यता दिलेल्या किंवा राज्याच्या निधीतून साहाय्य मिळणाऱ्या शिक्षणसंस्थेत जाणाऱ्या कुणालाही तिथल्या धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला किंवा धार्मिक उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. त्याची स्वतःची संमती लागते, तो अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला, असेल तर पालकाची. तुम्ही अठराच्या पुढचे आहात, तेव्हा तुमची संमती तुमचीच. अकरावी-बारावीच्या मुलांसाठी त्यांच्या आईवडिलांना विचारावं लागेल. अल्पसंख्याक संस्था असली, तरी मान्यता किंवा अनुदान घेत असेल तर हाच नियम. म्हणजे सत्यनारायणाला जे लागू, तेच चॅपलमधल्या प्रार्थनेला.

याच अनुच्छेदाचा पहिला खंड पुष्कळ जण घाईने पुढे करतात: पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. तुमचं कॉलेज अनुदानित आहे, पूर्णपणे सरकारी नाही. आणि पूजा घालणं म्हणजे धार्मिक शिक्षण, असं म्हणायला गेलात तर संस्थेचा वकील दोन मिनिटांत तुम्हाला गप्प करील. तिसऱ्या खंडावर उभे राहा.

तर करायचं काय? एक पानी अर्ज. प्राचार्यांच्या नावाने, मराठीत, शांत भाषेत. मागण्या तीनच ठेवा: त्या दिवसाची उपस्थिती ऐच्छिक असावी आणि सूचनाफलकावर तसं लिहावं; न येणाऱ्याची गैरहजेरी लागू नये आणि अंतर्गत गुणांवर परिणाम होऊ नये; पूजेचा खर्च विद्यार्थ्यांच्या फीमधून होऊ नये, स्वेच्छेच्या वर्गणीतून व्हावा. खाली सह्या. देव मानणाऱ्या मुलांच्या सह्या आधी घ्या. त्या मिळतात, कारण सक्ती कुणालाच आवडत नाही. आवक क्रमांक टाकून पोचप्रत घ्या. ही पोचप्रत तुमच्या मंडळाच्या फाइलीतला पहिला कागद.

आमच्याकडे अशा अर्जानंतर पूजा बंद झाली नाही. हजेरी बंद झाली. दोन वर्षांनी पूजेचा कार्यक्रम कर्मचारी संघटनेकडे गेला आणि वर्ग नेहमीसारखे भरायला लागले. पूजा पूर्ण बंद व्हायला हवी होती, असं म्हणणारे आमच्यातही होते आणि त्यांचा युक्तिवाद कच्चा नव्हता: सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या जागेत कुठल्याच धर्माचं कर्मकांड कशाला? तत्त्वाने मला तो पटतो. पण बंदी मागणारी दहा पोरं आणि मोकळीक मागणारी दोनशे पोरं यांत मी दुसरी बाजू निवडतो. विवेकाच्या स्वातंत्र्यावर बोट ठेवलं की समोरच्या धार्मिक माणसालाही उत्तर देणं अवघड जातं, कारण ते स्वातंत्र्य त्याचंही आहे. केरळात यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातल्या तीन मुलांना राष्ट्रगीत न गायल्याबद्दल शाळेतून काढलं होतं. ती मुलं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, फक्त श्रद्धेमुळे गायची नाहीत. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिजो इमॅन्युएल खटल्यात त्यांना परत घ्यायला लावलं. ती मुलं नास्तिक नव्हती, चांगली कट्टर धार्मिक होती. तुमच्या बैठकीत या निकालावर एक तास घालवा, पुष्कळ गैरसमज जातील.

आता प्राचार्यांचं 'राजकारण नको'. या वाक्याला दचकू नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'माझ्या टेबलावर तक्रार नको' एवढाच असतो. मंडळाचा उद्देश लिहिताना अनुच्छेद ५१क मधलं (ज) हे कलम वापरा: वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद, शोधकबुद्धी आणि सुधारणावाद यांचा विकास करणं हे प्रत्येक नागरिकाचं मूलभूत कर्तव्य आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते आलं. संविधानातलं वाक्य उद्देशात असलं की नकार द्यायला प्राचार्यांना कारण शोधावं लागतं. अर्ज विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांमार्फत द्या, एखादे प्राध्यापक समन्वयक म्हणून मिळवा. विज्ञानाचेच हवेत असं नाही. आमच्याकडे सगळ्यात खंबीर समन्वयक मराठीच्या बाई होत्या, आणि भौतिकशास्त्राचे एक सर ग्रहणात पाणी पीत नसत. मंडळाचं नाव काही जण 'विवेकवाहिनी' ठेवतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या प्रेरणेने त्या नावाचे गट महाराष्ट्रातल्या अनेक कॉलेजांत चालले, त्यामुळे जुन्या कार्यकर्त्यांची मदत लवकर मिळते. दुसरं नाव ठेवलंत तरी बिघडत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. प्रत्येक कार्यक्रमाचा अर्ध्या पानाचा अहवाल, दोन फोटो आणि उपस्थितांच्या सह्या महिनाअखेरीस कार्यालयात द्या. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात अशा उपक्रमांची नोंद उपयोगी पडते, आणि अहवाल लिहिणाऱ्या प्राध्यापकांना भरायला मजकूर हवाच असतो. तुमचं मंडळ त्या अहवालात एकदा गेलं की ते बंद करणं अवघड होतं. हे ऐकून तुमच्यातले काही नाक मुरडतील. मुरडू द्या.

वर्षभर काय करायचं, याचं माझं उत्तर: दर आठवड्याला ठरल्या वारी, ठरल्या खोलीत एक तास बसा. पाच जण आले तरी बसा. मोठ्या वक्त्याचं व्याख्यान वर्षाला एक पुरे. मंडळं मरतात ती व्याख्यानं नसल्यामुळे नव्हे, दोन व्याख्यानांमध्ये काहीच नसल्यामुळे. बैठकीला विषय बाहेरून आणावा लागत नाही. वसतिगृहात पाळीच्या दिवसांत कोण कुठे बसतं, मावशीच्या अंगात येतं ते खरं की खोटं, नोकरीसाठी बोटात पुष्कराज घातला त्याचं काय, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला अमुक औषधाचा व्हिडिओ. नियम एकच पाळा: प्रश्न विधानाला विचारायचा, माणसाला नाही. 'तू असं कसं मानतोस?' नाही, तर 'हे कशावरून?' आणि हा प्रश्न नास्तिकांनाही विचारायचा. देव नाही म्हणणारा पोरगा जेव्हा 'पूर्वजांनी सगळं विज्ञानासाठीच केलं होतं' असं ठोकून देतो, तेव्हा त्यालाही पुरावा मागा.

पहिल्या महिन्यात करायला सोपा, बिनखर्चाचा आणि कुणाला न दुखावणारा प्रयोग सांगतो. मागच्या आठवड्याचं राशिभविष्य घ्या. बारा राशींची नावं कापून मजकुराला नुसते क्रमांक द्या. कॉलेजातल्या १२० जणांना विचारा: गेला आठवडा तुझा कसा गेला ते आठव आणि यातलं तुझं भविष्य ओळख. निव्वळ योगायोगाने बाराव्या हिश्शाला, म्हणजे दहाच्या आसपास जणांना स्वतःची रास सापडायला हवी. निकाल भित्तिपत्रकावर लावा. चौदा आले तर 'ज्योतिष खरं' होत नाही आणि सहा आले तर 'ज्योतिष खोटं' सिद्ध होत नाही. एवढा फरक योगायोगानेही पडतो, म्हणून प्रयोग पुन्हा करायचा. संख्याशास्त्राच्या सरांना यात ओढा, ते खूश होतात. दुसऱ्या आठवड्यात फोररचा प्रयोग. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना 'तुझ्या स्वभावाचं विश्लेषण' म्हणून सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि पाचपैकी सरासरी ४.२६ गुण देऊन विद्यार्थ्यांनी तो आपल्याला चपखल बसतो असं सांगितलं. तुमच्या वर्गात करून बघा. मजकूर एकच आहे हे कळल्यावरचं हसू कुठल्याही भाषणापेक्षा जास्त शिकवतं.

मग डॉ. जयंत नारळीकरांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या मदतीने घेतलेली चाचणी चर्चेला घ्या. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या. भाग घेणाऱ्या ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका पाठवल्या आणि कोणती पत्रिका कुठल्या गटातली ते ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली, त्यांची सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. मला यात आवडतं ते असं, की चाचणीत कुणाची टिंगल नव्हती. ज्योतिषांना आपला दावा सिद्ध करायची सरळ संधी दिली होती.

चमत्कारांच्या प्रयोगांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळ्या मंडळांना तेच आधी करायचं असतं. लिंबातून रक्त: सुरीला मिथिल ऑरेंज लावून वाळवलेलं, लिंबाच्या आम्लात ते लाल होतं. मंत्राने यज्ञ पेटवणं: पोटॅशियम परमँगनेटवर 'तूप' म्हणून ग्लिसरीन. पाण्याने दिवा लावणं: तळाशी कॅल्शियम कार्बाइड, पाणी पडलं की अ‍ॅसिटिलीन वायू. नारळ आपोआप पेटणं: शेंडीत सोडियमचा तुकडा, वर पाण्याचा शिडकावा. हे सगळं जमतं, गर्दी होते, टाळ्या पडतात. अडचण टाळ्यांनंतर सुरू होते. लोक म्हणतात, 'तुमची हातचलाखी, आमच्या बाबांची खरी शक्ती.' शिवाय आता गावात लिंबातून रक्त काढणारे बाबाही कमी झालेत. त्यांची जागा मोबाइलवरच्या 'ऊर्जा' विकणाऱ्यांनी घेतली आहे, सुटाबुटातल्या. म्हणून प्रयोग दाखवून थांबू नका. प्रत्येक प्रयोगानंतर एकाला पुढे बोलवा आणि विचारा: हे मी कसं केलं हे तुला कळलं नसतं, तर तू कुठल्या निष्कर्षाला पोचला असतास? 'मला माहीत नाही' आणि 'म्हणजे दैवी शक्ती' यांतलं अंतर त्या क्षणी दिसतं. तेवढं दाखवायलाच तो सगळा खटाटोप.

अमावास्येच्या रात्री स्मशानात सहल काढायची टूम दर वर्षी निघते. मुलांना थरार वाटतो. माझा विरोध भुतामुळे नाही, वसतिगृहाच्या फाटकामुळे आहे. मुलींचं फाटक संध्याकाळी बंद होतं, म्हणजे कार्यक्रम आपोआप पोरांचा होतो, आणि मंडळही हळूहळू पोरांचं होतं. बैठकीची वेळ ठरवताना शेवटची एसटी आणि फाटक ही दोन घड्याळं बघा.

आता मी ज्याला खरं काम म्हणतो ते. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं विशेष शिबिर दत्तक गावात होतं. त्यातला एक दिवस मागून घ्या आणि विषय घ्या सर्पदंश. आपल्याकडे माणसं दगावतात ती मुख्यतः चार सापांमुळे: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. या चारही विषांवर चालणारं एकच प्रतिविष मिळतं, ते सरकारी रुग्णालयांत पुरवलं जातं, आणि मुंबईतली हाफकिन संस्था ते कित्येक वर्षांपासून बनवत आली आहे. तरी लोक मांत्रिकाकडे जातात, कारण मांत्रिकाचे बहुतेक रुग्ण बरे होतात. का होतात? चावणाऱ्या सापांतले पुष्कळसे बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. हे गावकऱ्यांना 'तुम्ही अडाणी' असं न म्हणता सांगता येतं. उलट म्हणायचं, 'तुमचा अनुभव बरोबर आहे, त्याचं कारण वेगळं आहे.'

आणि तिथेच न थांबता मुलांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारावं: प्रतिविष साठ्यात आहे का? रात्री द्यायला डॉक्टर असतो का? नसेल तर पुढचं रुग्णालय किती लांब, गाडी कुणाची? मिळालेली उत्तरं लिहून ग्रामसभेत आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्या. उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. मांत्रिकाकडे जाऊ नका म्हणणं सोपं आहे. पण गावाला दवाखानाच मिळत नसेल तर माणूस जाणार कुठे? ज्या वर्षी आमच्या मुलांनी हा कागद लावून धरला, त्या वर्षी गावात आमच्याकडे बघायची नजर बदलली. त्यानंतर त्याच गावात करणी-भानामतीवर बोललो तर लोक ऐकून घ्यायचे.

याला जोडून कायदा समजून घ्या. नरबळी, अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा कायदा २०१३ चा. डॉ. दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा केला. त्याच्या अनुसूचीत बारा कृत्यं आहेत. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं हे त्यांतलं एक. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, कुणाला चेटकीण ठरवून छळणं हेही त्यात आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

मुलांना जे माहीत नसतं ते असं, की हा कायदा देवाधर्माच्या विरोधात नाही. पूजा, यात्रा, वारी, कीर्तन, भजन, प्रवचन हे सगळं त्याने स्पष्टपणे बाहेर ठेवलं आहे. ज्योतिषाचा सल्लाही बाहेरच आहे. त्यामुळे गल्लीतल्या जोशीबुवांवर 'केस टाकू' अशी धमकी देऊ नका, हसं होईल. कायद्याची पूर्ण प्रत छापून घ्या आणि अनुसूची भित्तिपत्रकावर लावा. आम्ही एकदा तालुक्याच्या पोलीस निरीक्षकांनाच त्यावर बोलायला बोलावलं. ते तयारी करून आले, आणि पुढे दोन प्रकरणांत त्याचा उपयोग झाला.

सणांच्या मोहिमा तुम्हाला ठाऊक असतीलच: 'होळी लहान करा, पोळी दान करा', मूर्तिदान, निर्माल्यदान. लोकांना वाटतं हे किरकोळ. पण विसर्जनाला कृत्रिम हौद आणि निर्माल्याला कलश ही कल्पना आधी कार्यकर्त्यांनी शिव्या खात नदीकाठी उभं राहून रेटली. आज महापालिका स्वतःच मंडप घालून ते करतात. तुम्ही घाटावर उभे राहाल तेव्हा एक पथ्य पाळा: मूर्ती हातातून ओढून घ्यायची नाही, आरती चालू असताना बोलायचं नाही.

धर्मनिरपेक्ष म्हणवता आणि फक्त हिंदूंच्याच मागे लागता, हा आरोप होणार. त्याला भाषणाने उत्तर देता येत नाही, वर्षाच्या कार्यक्रमपत्रिकेनेच देता येतं. दर्ग्यावर साखळीने बांधलेले मनोरुग्ण, प्रार्थनेने कॅन्सर बरा करण्याच्या सभा, ताबीज, सगळं चर्चेत आलं पाहिजे. मात्र बोलणारा आतला असावा. हमीद दलवाईंनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं ते मुस्लिम समाजातूनच. २०१८ च्या सुमारास कंजारभाट समाजातल्या तरुण मुलामुलींनी लग्नाच्या रात्रीच्या कौमार्य चाचणीविरुद्ध एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करून आवाज उठवला, जात पंचायतीचा रोष ओढवून घेतला. वर्षभरात ही चाचणी लैंगिक अत्याचार मानली जाईल असं राज्य सरकारला जाहीर करावं लागलं. बाहेरच्या शंभर भाषणांनी हे झालं नसतं. बाहेरच्यांनी काय करायचं? साथ द्यायची, कायदा सांगायचा. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये वेगळा कायदा केला आहे. तोही तुमच्या फाइलीत हवा.

जातीचा विषय टाळू नका. भुताखेतांवर बोलणारं मंडळ सगळ्यांना आवडतं, जातीवर बोललं की खोली अर्धी रिकामी होते. तरी बोला. आडनाव विचारून खोली देणारे घरमालक, डबा न वाटणारे मित्र, आरक्षणावरचे विनोद, हे तुमच्या रोजच्या जगण्यातलं आहे आणि 'हे कशावरून?' हा प्रश्न तिथेच सगळ्यात जास्त टोचतो. जातीला हात न लावणारी मंडळं चार वर्षांत जादूचे प्रयोग करणारी मंडळं होतात, हे मी पाहिलं आहे. आंतरजातीय लग्न करू पाहणारी जोडपी तुमच्याकडे येतील. सल्ला देऊ नका, माहिती द्या: १९५४ चा विशेष विवाह कायदा, तीस दिवसांची नोटीस, वयाचे दाखले. आणि जिल्ह्यातल्या अनुभवी कार्यकर्त्याशी गाठ घालून द्या. विशीतल्या पोरांनी परस्पर पळवापळवीची जोखीम घेऊ नये.

अंगात येणाऱ्या मुलीची किंवा 'बाधा' झालेल्या मुलाची गोष्ट बैठकीत आली तर ती तिथे चघळू नका. त्यामागे बहुधा ताण असतो, कधी आजार असतो, कधी घरात होणारा छळ. एका विश्वासू व्यक्तीने एकट्यात बोलावं, समुपदेशकाकडे न्यावं. टेलिमानसची १४४१६ ही मोफत सरकारी मदतवाहिनी आहे, मराठीतही बोलता येतं. तो क्रमांक वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर लावा. वर्षभरात तुमचं एवढंच काम झालं तरी चालेल.

घरच्यांची भीती खोटी नाही. दाभोलकर, २०१५ मध्ये कोल्हापूरला गोविंद पानसरे आणि धारवाडला कलबुर्गी, २०१७ मध्ये बंगळुरूला गौरी लंकेश, अशा विवेकवादी विचार मांडणाऱ्यांचे खून झाले. दाभोलकरांच्या खुनाबद्दल दोघांना जन्मठेप झाली ती मे २०२४ मध्ये, पावणेअकरा वर्षांनी. हे लपवून आईवडिलांना 'काही होत नाही' म्हणू नका. त्यांना एका बैठकीला घेऊन या. काय बोलतो, कोणाबरोबर बसतो ते दिसलं की निम्मी काळजी जाते. कॉलेजातल्या मंडळाला होणारा त्रास बहुतेक वेळा फोनवरच्या शिव्या, कार्यक्रमाच्या दिवशी खोलीला कुलूप, अशा पातळीचा असतो. धमकी आली तर स्क्रीनशॉट ठेवा, समन्वयकांना त्याच दिवशी सांगा, लेखी तक्रार द्या. एकट्याने कुठल्या बाबाच्या मठात 'भांडाफोड' करायला जाऊ नका. ते प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पोलिसांना कळवून करायचं काम आहे.

समाजमाध्यमांवर तर दुप्पट जपा. धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावण्याचं जुन्या दंड संहितेतलं कलम २९५अ आता भारतीय न्याय संहितेत कलम २९९ आहे. कलमात 'हेतुपुरस्सर आणि दुष्ट हेतूने' अशी अट आहे खरी, पण ती सिद्ध होते की नाही हे ठरेपर्यंत तुमची परीक्षा बुडते. देवदेवतांवरचे मीम मंडळाच्या खात्यावर टाकायचे नाहीत, हा नियम पहिल्याच बैठकीत लिहून सह्या घ्या. काहींना हा भेकडपणा वाटेल. त्यांनी आपल्या खात्यावर आपल्या जबाबदारीवर काय टाकायचं ते टाकावं. मंडळाचं खातं सगळ्यांचं असतं, त्यात सही करणारी ती देव मानणारी मुलंही आली.

कार्यक्रमांच्या तारखा शोधत बसायला नको. २० ऑगस्ट वैज्ञानिक दृष्टिकोन दिन म्हणून देशभरच्या लोकविज्ञान संघटना पाळतात, २६ नोव्हेंबर संविधान दिन, ३ जानेवारी सावित्रीबाईंची जयंती, २८ फेब्रुवारी विज्ञान दिन. २ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. पावसाळा असल्याने ढगांची खात्री नाही, पण सौरचष्मे आधी मागवून ठेवा आणि गच्चीवर सगळ्यांसाठी पोहे ठेवा. ग्रहणात खाणं हा एवढा बिनबोलाचा कार्यक्रम दुसरा नाही.

पैसा फार लागत नाही. महिन्याला माणशी वीस रुपये काढा, हिशेब भित्तिपत्रकाच्या कोपऱ्यात लावा, कुठल्याही पक्षाच्या पुढाऱ्याकडून बॅनरसुद्धा घेऊ नका. प्राचार्यांच्या 'राजकारण नको' ला हेच उत्तर. पुढच्या वर्षी तुम्ही तिसऱ्या वर्षाला जाल, म्हणून दिवाळीनंतर पहिल्या वर्षाच्या दोघांना, त्यांत एक मुलगी, बैठका चालवायला द्या. फाइल, चाव्या आणि खात्याचा पासवर्ड परीक्षेआधी त्यांच्या हातात गेला पाहिजे.

आणि प्रयोगांचं सामान: ग्लिसरीन, परमँगनेट औषधाच्या दुकानात मिळतं. कार्बाइड आणि सोडियम बाहेरून आणू नका. प्रयोगशाळा सहायकांकडून सही करून, लागेल तेवढंच घ्या, चिमट्याने धरा, पाण्याची बादली लांब ठेवा, जवळ कोरडी वाळू ठेवा, आणि उरलेला सोडियमचा तुकडा त्याच दिवशी रॉकेलच्या बाटलीत घालून परत करा.